दूरच्या घड्याळांचा मेळ

दोन घड्याळे शेजारी ठेवून त्यांचे काटे जुळतात की नाही हे पाहणे सोपे असते. परंतु त्यांपैकी एक शेकडो कोसांवर असेल, तर ‘या क्षणी तेथे किती वाजले’ या प्रश्नाचे उत्तर नुसत्या नजरेने मिळत नाही, ते कोणत्या तरी संकेताच्या साहाय्याने आणि ठरावीक रीतीने मिळवावे लागते. ही रीत सांभाळणारा एक व्यवसायच एकोणिसाव्या शतकात उभा राहिला. वेधशाळांतील ज्योतिषी, भूमापक, तारखात्यातील कर्मचारी आणि रेल्वेचे वेळापत्रक आखणारे अधिकारी हे सारे आपापल्या गरजेपोटी दूरस्थ घड्याळांचा मेळ घालीत होते, आणि या रोजच्या कामातून घडलेली शिस्त १९०५ मध्ये भौतिकशास्त्राच्या पायापर्यंत जाऊन पोहोचली. एकमेकांच्या सापेक्ष एकसमान वेगाने सरळ रेषेत जाणाऱ्या निरीक्षकांनी केलेली मापने परस्परांशी कशी जुळतात हे सांगणारा विशिष्ट सापेक्षता सिद्धांत सामान्यतः कल्पनेची एक अद्‌भुत झेप म्हणून वर्णिला जातो. तो तसा आहेही. परंतु त्याचा कणा घड्याळे जुळवण्याच्या या जुन्या व्यवसायातून आलेला आहे, आणि गेल्या शतकभरात त्याविषयी झालेले बहुतेक गैरसमज हा कणा नजरेआड केल्यामुळे झालेले आहेत.

दूरच्या वेळा ताडून पाहण्याची निकड प्रथम रेखांशामुळे भासली. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरत असल्याने रेखांशाच्या एका अंशामागे चार मिनिटांचा कालभेद पडतो. त्यामुळे दोन ठिकाणांच्या स्थानिक वेळांतील फरक कळला की त्यांचे पूर्व-पश्चिम अंतर कळते. ‘सूर्यसिद्धांता’त उज्जयिनीवरून जाणाऱ्या मध्यरेषेपासूनचे देशांतर काढण्यासाठी चंद्रग्रहणाचा उपयोग सांगितला आहे. ग्रहणाची मध्यरेषेसाठी गणिताने आलेली वेळ आणि आपल्या गावी प्रत्यक्ष वेधाने मिळालेली वेळ यांतील अंतर हेच तेथे देशांतराचे माप ठरते. ग्रहण सर्वांना एकाच क्षणी दिसते, असे या पद्धतीत गृहीत धरलेले आहे, आणि चंद्राच्या बाबतीत ते व्यवहारापुरते खरेही आहे. युरोपातील ज्योतिष्यांनी याच कामासाठी गुरूच्या उपग्रहांची ग्रहणे वापरण्यास सुरुवात केली, तेव्हा मात्र हे गृहीत डळमळले. पॅरिसच्या वेधशाळेत काम करणाऱ्या ओले रोमर याने १६७६ मध्ये असे दाखवले की, पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना आयो या उपग्रहाची ग्रहणे अपेक्षेपेक्षा उशिरा दिसू लागतात, आणि याचे कारण प्रकाशाला मार्ग आक्रमण्यास लागणारा वेळ हे आहे. ज्या संकेताने वेळ कळवायची तो संकेतच वाटेत वेळ घेतो, ही अडचण येथे प्रथम स्पष्टपणे पुढे आली.

विद्युत् तारयंत्राच्या काळात हीच अडचण दैनंदिन कामाचा भाग बनली. तारेने जोडलेल्या दोन वेधशाळांपैकी एकीने आपल्या घड्याळाच्या ठोक्याबरोबर संकेत पाठवला, तरी दुसरीकडे तो सूक्ष्म विलंबाने पोहोचे आणि तेवढी चूक थेट रेखांशात उतरे. यावरचा उपाय भूमापकांनी लवकरच शोधून काढला. संकेत आधी पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि मग पश्चिमेकडून पूर्वेकडे पाठवायचा, दोन्ही वेळा आलेले घड्याळांमधील फरक नोंदवायचे आणि त्यांची सरासरी घ्यायची. एका दिशेने विलंब जितका वाढवतो तितकाच तो दुसऱ्या दिशेने घटवतो, म्हणून सरासरीत तो नाहीसा होतो. हिंदुस्थानातील त्रिकोणमितीय सर्वेक्षणानेही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तारेच्या साहाय्याने शहरांची रेखांशांतरे मोजली. या साऱ्या पद्धतीत एक गोष्ट न बोलता मानलेली होती, ती अशी की संकेताला जाताना आणि येताना सारखाच वेळ लागतो. त्या काळच्या कोणत्याही भूमापकाला यात तत्त्वज्ञान दिसण्याचे कारण नव्हते.

रेल्वेने हा प्रश्न वेधशाळेतून बाजारात आणला. इंग्लंडमध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० मध्ये आपल्या सर्व स्थानकांवर लंडनची वेळ लागू केली, अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी १८ नोव्हेंबर १८८३ रोजी कालविभाग स्वीकारले, आणि १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथील परिषदेत ग्रीनिचचे याम्योत्तर वृत्त मूळ रेषा म्हणून मान्य झाले. मुंबईत या प्रकरणाला राजकीय धार आली. मद्रासच्या वेळेपेक्षा मुंबईची स्थानिक वेळ सुमारे अर्ध्या तासाने मागे होती आणि रेल्वे मद्रास वेळेवर चालत असे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कामकाजासाठी मद्रास वेळ लागू करण्याचा घाट घातला, तेव्हा शहराने ती मनावर घेतली नाही आणि हा हुकूम पुढे मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी तिच्या सुमारे ३९ मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ शहराने १९५५ पर्यंत सोडली नाही.

विशिष्ट सापेक्षता मांडणारा अल्बर्ट आइन्स्टाइनचा १९०५ मधील निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी भारतीय प्रमाणवेळ अमलात आली, हा योगायोग मोहक वाटला तरी त्यातून भलता निष्कर्ष काढू नये. मुंबई आणि मद्रास यांच्यातील वाद मोजणी कोठून सुरू करायची एवढ्यापुरता होता. दोन्ही ठिकाणचा सेकंद सारखाच होता आणि एका बेरजेने एक वेळ दुसरीत बदलता येत असे. गतिमान निरीक्षकांच्या वेळांमधील भेद अशा बेरजेने मिटत नाही. तेथे सेकंदाची लांबी, पट्टीची लांबी आणि ‘एकाच क्षणी’ या शब्दांचा अर्थ ही तिन्ही एकदम बदलतात. ‘सारे काही सापेक्ष असते’ हे सुभाषित आइन्स्टाइनच्या नावावर खपवणाऱ्यांनी बहुधा मुंबई-मद्रास पद्धतीची सापेक्षताच डोळ्यांपुढे ठेवलेली असते.

गतीचा प्रश्न त्याहून जुना आहे. १६३२ मध्ये गॅलिलिओने आपल्या संवादग्रंथात असे दाखवले की, संथ पाण्यावर एकसमान वेगाने चाललेल्या जहाजाच्या बंद खोलीत बसलेल्या माणसाला तेथील कोणत्याही प्रयोगावरून जहाज चालते आहे की उभे आहे हे ठरवता येणार नाही. यंत्रशास्त्रापुरते हे तत्त्व निर्विवाद मानले गेले; परंतु एकोणिसाव्या शतकात प्रकाश ही ईथर नावाच्या सर्वव्यापी माध्यमातील लहर आहे असे ठरल्यावर, निदान प्रकाशाच्या साहाय्याने तरी पृथ्वीचा ईथरमधील वेग ओळखता येईल अशी आशा निर्माण झाली. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे १८८७ मध्ये आल्बर्ट मायकेलसन आणि एडवर्ड मॉर्ली यांनी पाऱ्यावर तरंगणाऱ्या शिळेवर आरसे बसवून, एकमेकांशी काटकोनात जाऊन परतणाऱ्या दोन प्रकाशकिरणांची तुलना केली. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते, त्या मानाने किरणांच्या मिलाफातून दिसणारे व्यतिकरण पट्टे जेवढे सरकायला हवे होते, त्याच्या विसाव्या भागाइतकेही ते सरकले नाहीत.

या निराशेतून मार्ग काढताना डच भौतिकशास्त्रज्ञ हेंड्रिक लॉरेन्ट्झ यांनी दोन कल्पना पुढे मांडल्या. पहिली अशी की ईथरमधून जाणारी वस्तू गतीच्या दिशेने किंचित आखडते. हीच कल्पना आयर्लंडमधील जॉर्ज फिट्झजेराल्ड यांनाही १८८९ मध्ये स्वतंत्रपणे सुचली होती. दुसरी, १८९५ मधील कल्पना अधिक विचित्र होती. गतिमान वस्तूंची समीकरणे स्थिर वस्तूंसारखी दिसावीत म्हणून लॉरेन्ट्झ यांनी नेहमीच्या कालाऐवजी स्थानपरत्वे बदलणारा एक ‘स्थानिक काल’ वापरला. त्यांच्या लेखी ती गणितातील एक सोय होती. कोणत्याही घड्याळात ती वेळ वाजत असेल असे त्यांना वाटत नव्हते.

ती वेळ घड्याळात कशी वाजते हे ओळखणारा पहिला माणूस आंरी प्वँकारे हा होय. तो थोर गणिती होता हे सर्वज्ञात आहे, परंतु फ्रान्सच्या रेखांश मंडळाचा तो १८९३ पासून सदस्य होता आणि तारेने रेखांश मोजण्याच्या मोहिमांचे अहवाल त्याच्या नजरेखालून जात, ही गोष्ट येथे अधिक महत्त्वाची आहे. १८९८ मध्ये ‘कालाचे मापन’ या विषयावर लिहिलेल्या निबंधात त्याने असे म्हटले की, दोन कालखंड समान आहेत किंवा दोन दूरच्या घटना एकाच क्षणी घडल्या, हे जाणणारी कोणतीही अंतःप्रेरणा माणसाला नाही. त्यासाठी नियम ठरवावे लागतात, आणि ते नियम सोयीसाठी निवडलेले असतात. १९०० मध्ये, लॉरेन्ट्झ यांच्या गौरवार्थ निघालेल्या ग्रंथात, त्याने पुढचे पाऊल टाकले. ईथरमधून एकत्र वाहत जाणारे दोन निरीक्षक आपल्या गतीची जाणीव नसल्याने प्रकाशसंकेतांची देवाणघेवाण करतील, जाण्या-येण्याचा वेळ सारखा मानतील आणि आपली घड्याळे त्या हिशेबाने लावतील. अशी लावलेली घड्याळे जी वेळ दाखवतील तीच लॉरेन्ट्झ यांची स्थानिक वेळ होय. भूमापकांच्या सरासरीतील अबोल गृहीतकाचा हा शोध होता. तरीही प्वँकारेने ईथर सोडला नाही, आणि त्यामुळे अखेरपर्यंत त्याच्या लेखनात ‘खरी’ वेळ आणि ‘भासमान’ वेळ असा भेद उरला.

हा भेद पुसून टाकण्याचे काम बर्नच्या पेटंट कार्यालयातील तृतीय श्रेणीच्या तांत्रिक तज्ज्ञाने केले. अल्बर्ट आइन्स्टाइन १९०२ मध्ये त्या कार्यालयात रुजू झाला, तेव्हा बर्न शहरातील सार्वजनिक घड्याळे विजेच्या तारांनी एकमेकांशी जोडलेली होती आणि घड्याळनिर्मितीच्या त्या देशात विजेने वेळ कळवण्याच्या यंत्रणांचे अर्जही पेटंटसाठी येत असत. इतिहासकार पीटर गॅलिसन यांनी २००३ मधील आपल्या ग्रंथात याच परिसराला आइन्स्टाइनच्या विचाराची कूस मानले आहे. इतर काहींनी या मताला हरकत घेतली असून तीही रास्त आहे, कारण आइन्स्टाइनने स्वतः नंतरच्या काळात ह्यूम आणि माख या तत्त्वचिंतकांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले, आणि कॉनरॅड हॅबिश्ट व मॉरिस सोलोव्हीन या मित्रांबरोबर त्याने प्वँकारेचा ‘विज्ञान आणि गृहीतक’ हा ग्रंथही वाचला होता. कचेरीतील कागद आणि संध्याकाळची वाचने यांपैकी एकच कारण निवडण्याची गरज नाही. तत्त्वज्ञानाने त्याला प्रश्न विचारायला शिकवले आणि घड्याळांच्या व्यवसायाने त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या स्वरूपात मागायचे ते शिकवले, असे म्हणणे पुराव्याला धरून होईल. मे १९०५ मध्ये कार्यालयातील सहकारी मिकेले बेस्सो याच्याशी झालेल्या चर्चेनंतर त्याला गाठ सुटली, असे त्याने १९२२ मध्ये क्योतो येथील व्याख्यानात सांगितले. त्यानंतर पाचेक आठवड्यांत निबंध लिहून झाला, ३० जूनला तो ‘आनालेन डेअर फिजीक’ या नियतकालिकाकडे पोहोचला आणि सप्टेंबरमध्ये छापला गेला. त्यात एकाही ग्रंथाचा संदर्भ नाही. आभार फक्त बेस्सोचे आहेत.

निबंधाचा आरंभ दोन गृहीतकांनी होतो: निसर्गाचे नियम एकमेकांच्या सापेक्ष एकसमान गतीने जाणाऱ्या सर्व निरीक्षकांना सारखेच आढळतात, आणि निर्वात पोकळीतील प्रकाशाचा वेग, तो सोडणारी वस्तू कशीही हलत असली तरी, तोच असतो. त्यानंतर लगेच, कोणत्याही समीकरणाआधी, आइन्स्टाइन घड्याळांकडे वळतो. गाडी सात वाजता येते याचा अर्थ माझ्या घड्याळाचा छोटा काटा सातवर येणे आणि गाडी येणे या घटना एकाच क्षणी घडतात एवढाच आहे, असे तो सांगतो, आणि हा अर्थ घड्याळ जेथे आहे तेथपुरताच पुरेसा असल्याचे लक्षात आणून देतो. दूरच्या ठिकाणासाठी तो प्रकाशसंकेत पाठवून परत आणण्याची तीच जुनी रीत घेतो. फलाट, धावती गाडी आणि तिच्या दोन टोकांशी पडलेल्या विजा हे प्रसिद्ध उदाहरण या निबंधात नाही, ते त्याच्या १९१७ मधील लोकांसाठी लिहिलेल्या पुस्तकातले आहे. नवीन गोष्ट ही की आइन्स्टाइनने या रीतीमागे कोणतीही ‘खरी’ वेळ शिल्लक ठेवली नाही. प्रत्येक निरीक्षकाने आपली घड्याळे या रीतीने लावावीत, आणि त्यांनी दाखवलेली वेळ हीच त्याच्या चौकटीतील वेळ. दोन निरीक्षक परस्परांच्या सापेक्ष गतीत असतील, तर एकाने जुळवलेली घड्याळे दुसऱ्याच्या हिशेबाने जुळलेली नसतात.

याचा परिणाम प्रत्यक्ष आकड्यांत पाहण्याची सर्वांत सरळ वाट हेर्मान बाँडी यांनी १९६० च्या दशकात रूढ केली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमारासाठी त्यांनी रडारवर काम केले होते आणि त्यांची पद्धतही रडारचीच आहे. समजा, क आणि ख हे निरीक्षक प्रकाशवेगाच्या साठ टक्के वेगाने एकमेकांपासून दूर जात आहेत, आणि एकमेकांजवळून जाताना दोघांनी आपली घड्याळे शून्यावर लावली आहेत. क आपल्या घड्याळात एक तास झाल्यावर ख कडे प्रकाशसंकेत पाठवतो. या वेगाला संकेतांमधील अंतर दुप्पट होते, म्हणून तो ख ला त्याच्या घड्याळात दोन तास झाल्यावर मिळतो. ख तो तत्काळ परतवतो. परतीच्या वाटेवरही, दोघांपैकी कोणाचेही स्थान विशेष नसल्याने, अंतर पुन्हा दुप्पट होते आणि संकेत क कडे चार तास झाल्यावर पोहोचतो. क आता भूमापकांची सरासरी वापरतो: संकेत एक वाजता गेला, चार वाजता परतला, म्हणून तो अडीच वाजता ख कडे उलटला असला पाहिजे. ख चे घड्याळ मात्र त्या घटनेच्या वेळी दोनच तास दाखवत होते. म्हणजे क च्या हिशेबाने ते मंद चालते. आता हाच प्रयोग ख ने केला, तर त्याला क चे घड्याळ नेमके तितकेच मंद आढळते. यात विसंगती नाही, कारण दोघे निरनिराळ्या जोड्या लावत आहेत: क आपल्या अडीच तासांशी ख चे दोन तास जोडतो, तर ख आपल्या दोन तासांशी क चा एक तास छत्तीस मिनिटांचा क्षण जोडतो. लांबीचेही तसेच. धावत्या पट्टीची लांबी मोजायची तर तिच्या दोन्ही टोकांच्या जागा एकाच क्षणी टिपाव्या लागतात, आणि तो एकच क्षण कोणता याविषयी दोघांचे एकमत नसल्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्याची पट्टी आखूड भरते. रोजच्या व्यवहारात यातले काही जाणवत नाही, कारण ताशी शंभर किलोमीटर वेगाने अखंड धावणाऱ्या गाडीतले घड्याळ या कारणाने एका सेकंदाने मागे पडायला सत्तर लाखांहून अधिक वर्षे लागतील.

हेर्मान मिंकोव्स्की यांनी १९०८ मध्ये कोलोन येथील व्याख्यानात अवकाश आणि काल यांना एका चतुर्मितीय अवकाश-कालात गुंफले आणि या साऱ्या तुलनेला भूमितीचे रूप दिले. दोन घटनांमधील अंतर आणि कालावधी निरीक्षकागणिक बदलत असले, तरी कालावधीत प्रकाशाने तोडलेल्या अंतराच्या वर्गातून घटनांमधील अंतराचा वर्ग वजा केल्यास येणारी राशी सर्वांना सारखी मिळते, हे त्या भूमितीचे सार होय. आइन्स्टाइन आणि मिंकोव्स्की यांचे हे लेखन इंग्रजीत आणण्याचे काम कोलकात्यात झाले. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी केलेली भाषांतरे प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या प्रस्तावनेसह कलकत्ता विद्यापीठाने १९२० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

सिद्धांतावर आक्षेप घेणाऱ्यांत सामान्य वाचकांबरोबर मोठी नावेही होती. सिद्धांताचे समर्थक असलेले भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांझव्हँ यांनी १९११ मध्ये बोलोन्या येथे असा प्रवासी कल्पिला की जो जवळजवळ प्रकाशवेगाने दूर जाऊन परत येतो. स्वतःच्या दोन वर्षांच्या प्रवासानंतर त्याला पृथ्वीवर दोनशे वर्षे लोटलेली आढळतात. तत्त्वज्ञ आंरी बेर्गसाँ यांनी ६ एप्रिल १९२२ रोजी पॅरिसमध्ये आइन्स्टाइनसमोर आपले आक्षेप मांडले, आणि त्याच वर्षीच्या पुस्तकात अशा प्रवाशाची वेगळी वेळ ही जगलेली वेळ नव्हे, केवळ दुसऱ्याने त्याच्यावर आरोपिलेली वेळ आहे, अशी भूमिका घेतली. ब्रिटनच्या खगोलशास्त्र संस्थेचे अध्यक्षपद भूषवलेले हर्बर्ट डिंगल यांनी तर तरुणपणी सापेक्षतेवर पुस्तक लिहिले आणि आयुष्याची अखेरची वर्षे तिच्याविरुद्ध लढण्यात घालवली. दोन घड्याळांपैकी प्रत्येक दुसऱ्यापेक्षा मंद कसे असू शकेल, हा त्यांचा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. त्याचे उत्तर एवढेच की अलग होत जाणाऱ्या घड्याळांची तुलना नेहमी किमान तीन घड्याळांची असते: एका चौकटीतील एक, आणि दुसऱ्या चौकटीतील परस्परांशी जुळवलेली दोन. लांझव्हँच्या प्रवाशाचे तसे नाही. तो मागे वळतो, चौकट बदलतो आणि अखेरीस शेजारी येऊन उभा राहतो, म्हणून तेथे सममिती राहत नाही आणि निकाल एकच लागतो. मापन आणि दर्शन यांतही असाच घोळ दीर्घकाळ चालला. वेगाने जाणारा गोल डोळ्यांना चपटा दिसेल असे पाठ्यपुस्तके बेधडक सांगत असत. डोळ्यात एकाच वेळी शिरणारा प्रकाश वस्तूच्या निरनिराळ्या भागांतून निरनिराळ्या वेळी निघालेला असतो, त्यामुळे गोलाची कड वर्तुळाकारच दिसते, हे रॉजर पेनरोज आणि जेम्स टेरेल यांनी १९५९ मध्ये दाखवेपर्यंत फारसे कोणाला खटकले नव्हते.

युक्तिवादाने न मिटलेले बरेच काही प्रयोगाने मिटवले. १९३८ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हर्बर्ट आइव्हज आणि जी. आर. स्टिलवेल यांनी वेगवान हायड्रोजन अणूंच्या प्रकाशावरून कालविस्तार, म्हणजे गतिमान घड्याळाचे मंदावणे, मोजून दाखवले; गंमत अशी की आइव्हज स्वतः आइन्स्टाइनच्या सिद्धांताचे कडवे विरोधक होते. त्याच वर्षी मुंबईत वाढलेल्या आणि तेव्हा केंब्रिजमध्ये असलेल्या होमी भाभांनी ‘नेचर’मधील टिपणात असे सुचवले की विश्वकिरणांतील अल्पायुषी कण हा एक प्रकारचे घड्याळच आहे, आणि वेगात असताना त्याचे विघटन लांबले पाहिजे. या कल्पनेचा सर्वांत बोलका प्रत्यय डेव्हिड फ्रिश आणि जेम्स स्मिथ यांच्या १९६३ मधील प्रयोगात मिळतो. वॉशिंग्टन नावाच्या सुमारे १,९१० मीटर उंच पर्वतावर त्यांच्या उपकरणात तासाला ५६० च्या आसपास म्यूऑन हे असे अल्पायुषी कण सापडत. समुद्रसपाटीपर्यंत येण्यास त्यांना सुमारे ६.४ मायक्रोसेकंद लागतात, आणि स्थिर म्यूऑनचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद आहे. मायक्रोसेकंद हा सेकंदाचा दशलक्षावा भाग होय. त्या मानाने खाली तीसच्या आसपास कण पोहोचायला हवे होते; पोहोचले चारशेहून अधिक.

या प्रयोगाकडे दोन्ही बाजूंनी पाहिल्यास तुलनेचे सारे यंत्र उघडे होते. जमिनीवरील निरीक्षक म्हणतो की म्यूऑनचे घड्याळ सुमारे ८.८ पटींनी मंद चालले, म्हणून ६.४ मायक्रोसेकंदांच्या प्रवासात त्याचे वय ०.७३ नेच वाढले. म्यूऑनसोबत जाणारा निरीक्षक म्हणतो की त्याचे घड्याळ ठीक आहे, पर्वतच ८.८ पटींनी आखडून अवघ्या २१७ मीटरांचा झाला आहे, आणि तेवढा पर्वत बाजूने निघून जायला ०.७३ मायक्रोसेकंद लागतात. उरलेल्या कणांची संख्या दोघांचीही सारखी येते. मग एक शंका राहते: या दुसऱ्या निरीक्षकाच्या दृष्टीने जमिनीवरील घड्याळेच मंद आहेत आणि तेवढ्या अवधीत ती केवळ ०.०८ मायक्रोसेकंद पुढे सरकतात, तर शिखरावरचे घड्याळ आणि पायथ्याचे घड्याळ यांच्या नोंदींत ६.४ चा फरक कसा पडतो? कारण त्याच्या हिशेबाने ती दोन घड्याळे मुळात जुळलेलीच नव्हती. पायथ्याचे घड्याळ आरंभापासून सुमारे ६.३ मायक्रोसेकंद पुढे होते. ही बाब गाळून कालविस्तार आणि लांबीचा संकोच एवढेच शिकवले जाते, तेथे सिद्धांत अर्धाच शिकवला जातो, आणि डिंगल यांचे आक्षेप दर पिढीत नव्याने उगवतात ते त्यामुळेच.

ऑक्टोबर १९७१ मध्ये जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग यांनी सीझियम अणूंच्या कंपनांवर चालणारी चार घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. परतल्यावर ती वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतील घड्याळांच्या तुलनेत पूर्वेकडील फेरीत ५९ नॅनोसेकंदांनी मागे पडलेली आणि पश्चिमेकडील फेरीत २७३ नॅनोसेकंदांनी पुढे गेलेली आढळली. नॅनोसेकंद हा सेकंदाचा अब्जावा भाग आहे. दोन फेऱ्यांतील हा भेद पृथ्वीच्या स्वतःच्या फिरण्यामुळे पडतो, आणि एकूण हिशेबात उंचीवरील क्षीण गुरुत्वाकर्षणाचा वाटाही धरावा लागतो. हा वाटा १९०५ मध्ये माहीत नव्हता. विषुववृत्तावरील घड्याळ ध्रुवावरच्या घड्याळापेक्षा मंद चालेल हे आइन्स्टाइनचे त्या निबंधातील भाकीत त्यामुळेच टिकले नाही, समुद्रसपाटीवर हे दोन परिणाम एकमेकांना छेदतात.

आज हा व्यवसाय उपग्रहांच्या हाती आहे. जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे सेकंदाला ३.९ किलोमीटर वेगामुळे दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात आणि उंचीमुळे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. हा ३८ मायक्रोसेकंदांचा फरक भरून काढण्यासाठी त्यांची मूळ कंप्रता उड्डाणापूर्वीच १०.२३ मेगाहर्ट्‌झऐवजी १०.२२९९९९९९५४३ मेगाहर्ट्‌झ ठेवली जाते. पृथ्वी फिरत असल्याने तिच्या पृष्ठभागावर प्वँकारे-आइन्स्टाइन रीतीने घड्याळामागून घड्याळ जुळवत विषुववृत्ताची प्रदक्षिणा केली, तर मूळ जागी परतल्यावर शेवटचे घड्याळ पहिल्याशी २०७ नॅनोसेकंदांनी जुळत नाही. म्हणून जगभरच्या कालमापन संस्थांनी पृथ्वीच्या केंद्राशी बांधलेली, न फिरणारी चौकट तुलनेसाठी ठरवून घेतली आहे, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील घड्याळे उपग्रहांमार्फत पॅरिसजवळील सेव्हर येथील आंतरराष्ट्रीय वजन-मापे कार्यालयाशी ताडली जातात, तेव्हाही पृथ्वीच्या फिरण्याची ही दुरुस्ती प्रत्येक वेळी हिशेबात धरली जाते.